कोरड्या तलावातला वाळवंटाचा तास

देवाला दोन गोष्टी फार लवकर ऐकू येतात म्हणतात. एक मनापासून म्हटलेलं गाणं, आणि दुसरी माणसाने मारलेली बढाई. गाणं ऐकत तो सावकाश डोलत बसतो, पण बढाई कानावर आली की हातातलं काम टाकून उठतो. भूगोलाच्या सरांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

कारण तपासणीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीच्या गोल भोकाशी तोंड नेऊन सर म्हणाले होते, "समिती येऊ द्या, नाहीतर समितीचा बाप येऊ द्या. सगळी व्यवस्था माझ्याकडे. आपण फक्त हसतमुख बसायचं."

"अहो सर, पण प्रयोगशाळेत पाणी नाही," आतून प्राचार्यांचा आवाज आला.

"येईल की. पाणी काय, उंचावरून खाली येतं. हा भूगोल आहे, आणि भूगोल माझ्याकडे आहे."

प्राचार्यांच्या खोलीला गोल भोक का, हे आधी सांगायला हवं. पूर्वरंग नीट रंगल्याशिवाय आख्यानाला हात घालू नये.

तर झालं असं की गावाला सरकारी कॉलेज मंजूर झालं. प्राचार्य नेमले गेले, शिक्षक आले, मुलांनी प्रवेश घेतले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की इमारत मंजूर करायची राहिलीच. दूध आलं, पातेलं नाही! नगरपालिकेने मोठ्या मनाने स्वतःची एक रिकामी जागा दिली. ती जागा म्हणजे गावातला बंद पडलेला पोहण्याचा तलाव. वर छप्पर, आत निळ्या फरश्या, आणि पाण्याच्या नावाने ठणठणाट.

मग संसार मांडला गेला. तिकिटं विकायची खिडकी होती ती प्राचार्यांची खोली झाली. ते आत बसले की दुसऱ्या माणसाला जागा उरत नसे, म्हणून भेटायला येणाऱ्याने बाहेर उभं राहून भोकातून बोलायचं. काही जण सवयीने अजूनही सुटे पैसे आत सरकवत. कपडे बदलायच्या चिंचोळ्या खोल्यांत एकेक विभाग बसला. त्या खोल्यांची दारं खालून अर्धी उघडी, त्यामुळे इतिहास विभाग आला आहे की नाही हे बघायला दार वाजवावं लागत नसे. वाकून बूट बघितले की झालं. कपडे ठेवायच्या कप्प्यांत ग्रंथालय भरलं. प्रत्येक कप्प्याची किल्ली रबरी पट्ट्यात अडकवलेली, ती मनगटावर चढवून मुलं अख्खं अर्थशास्त्र हाताला बांधून हिंडत. फवाऱ्यांच्या खोलीत प्रयोगशाळा आली.

आणि खुद्द तलाव? ते झालं मुख्य व्याख्यानगृह. उथळ बाजूकडून खोल बाजूकडे छान उतार, त्या उतारावर बाकं. तळाशी, सगळ्यात खोल जागी, लाकडी चौथरा. चौथऱ्यावर शिक्षक, त्यांच्या मागे फळा, आणि डोक्यावर उडी मारायची फळी. भिंतीवर खोलीचे आकडे तसेच होते. त्यामुळे नव्या मुलाला कोणी विचारलं, "तू कुठे बसतोस?" तर तो सांगे, "मी पाच फुटांवर." अभ्यासू मुलं आपोआप खोल बाजूला सरकत आणि डुलकी काढणारी उथळ बाजूला. कोणी सांगावं लागलं नाही.

घंटा नव्हती. तलाव चालू होता तेव्हा बुडणाऱ्यांना वाचवायला नेमलेले एक काका होते. ते शिट्टीसकट कॉलेजात शिपाई म्हणून आले होते. तास संपला की ते शिट्टी फुंकत. कोणी पळताना दिसलं की त्यांच्या तोंडून अजूनही निघे, "काठावरून धावायचं नाही."

प्राचार्यांना ह्या सगळ्याची फार लाज वाटे. त्यांनी फतवा काढला की कॉलेजच्या आवारात 'तलाव' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही आणि भिंतीवर दिसताही कामा नये. रंगाऱ्यावर देखरेख करायचं काम भूगोलाच्या सरांनी आनंदाने अंगावर घेतलं आणि ते इतकं मन लावून केलं, की जमिनीखालच्या पंपघरातली दोन मोठी लोखंडी चाकंसुद्धा सोडली नाहीत. एका चाकावर लिहिलं होतं 'तलाव', दुसऱ्यावर 'फवारे'. दोन्ही शब्द कॉलेजच्या इभ्रतीला शोभत नव्हते. दोन्हींवर रंग फिरला.

सरांचं आणखी एक काम सांगून ठेवतो. चौथऱ्याखाली पाणी जायचं मोठं भोक होतं. थंडीत त्यातून गार वारा यायचा आणि थेट सरांच्या पँटमध्ये शिरायचा. तेव्हा सरांनी पहिल्याच वर्षी गवंडी बोलावून ते भोक सिमेंटने पक्कं बुजवलं होतं. "काम करावं तर कायमचं," असं ते तेव्हा म्हणाले होते.

आता सरांच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना आई म्हणत. लहानपणी घरच्या अडचणीत त्यांची शाळा सुटली, ती लेक मोठी झाल्यावर बाहेरून परीक्षा देऊन बारावीपर्यंत पुरी केली, पण कॉलेज राहिलं ते राहिलंच. लेकीकडे राहायला आल्या, आणि एक दिवस जावयाचा विसरलेला डबा द्यायला कॉलेजात गेल्या. खिडकीशी प्रवेशाची रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. डबा आत गेला आणि आई पहिल्या वर्षाला बसल्या.

गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. जे गाता येतं तेच लक्षात राहतं, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे जो धडा होईल तो त्या चालीवर बसवत. तलावात, म्हणजे व्याख्यानगृहात, आवाज असा काही घुमायचा की एक ओळ म्हटली तर भिंती तीच परत करत. हळूहळू मुलंही धृपद उचलायला लागली. मधल्या सुट्टीत बाहेरून जाणाऱ्याला वाटे की आत भजन चाललं आहे. आत मात्र खडकांचे प्रकार चाललेले असत.

असं करता करता आई तिसऱ्या वर्षाला पोचल्या. परीक्षा तोंडावर आली. आणि तेव्हाच विद्यापीठाने कळवलं की समिती येऊन कॉलेज बघेल. पसंत पडलं तर मान्यता, नाहीतर ह्या मुलांची परीक्षाच घेतली जाणार नाही. तीन वर्षं पाण्यात! त्यात दुसऱ्या कुठल्याशा नव्या कॉलेजात तपासणीच्या दिवशी भाड्याने माणसं आणून बाकं भरल्याचं उघडकीला आलं होतं. त्यामुळे समितीच्या अध्यक्ष मॅडम आता सख्ख्या आरशावरही विश्वास ठेवत नाहीत, अशी बातमी होती.

आईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं गाणं बंद झालं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कुठेच गुणगुण नाही. घर मुकं झाल्यासारखं झालं. लेक म्हणाली, "अहो, काहीही करा, पण कॉलेज वाचवा. आईला मी इतकी गप्प कधी पाहिली नाही."

"म्हणूनच तर सगळं अंगावर घेतलं आहे," सर म्हणाले, आणि काकांना घेऊन पंपघरात उतरले.

पंपघराचा जिना शंखासारखा वळत खाली जाणारा. तळाशी दोन चाकं, दोन्ही सारखीच, दोन्ही एकाच रंगाने रंगवलेली.

"काका, ह्यातलं फवाऱ्यांचं कुठलं?"

"वर नाव होतं की, सर."

"ते मला माहीत आहे. पण कुठल्यावर?"

"मी पाण्यावरचा माणूस. खालची चाकं फिरवायला दुसरा होता, तो गेला गाव सोडून. आणि नावं तुम्हीच पुसायला लावलीत."

"नावं लागतात अडाण्याला," सर म्हणाले. "प्रयोगशाळा उत्तरेला आहे. म्हणजे उत्तरेकडे जो नळ जातो, त्याचं चाक. उत्तर ही अशी." त्यांनी हात लांब केला. त्या हातासमोर जे चाक आलं, त्यावर खडूने भला मोठा 'उ' काढला.

काकांनी जिन्याकडे पाहिलं. "सर, उतरताना आपण दोन-तीन वेळा गोल फिरलो ना?"

"काका, मी तुम्हाला पोहायला शिकवतो का?"

"नाही."

"मग मला दिशा शिकवू नका. उद्या माझा तास सुरू झाला की हे चाक सोडायचं. तासानंतर समिती प्रयोगशाळेत जाईल तेव्हा नळाला धो धो पाणी हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी घरातली शेवटची व्यवस्था केली. आई डोक्यावरून हात फिरवून केस बसवत होत्या.

"आई, आज कॉलेजात आपली ओळख नाही हं."

"म्हणजे?"

"त्या मॅडमना वाटायचं, बाकं भरायला मास्तरने घरची माणसं आणून बसवली. म्हणून आज तुम्ही फक्त विद्यार्थिनी. मी फक्त सर."

"बरं."

"आणि तासाला मध्येच बोलायचं नाही. मी मुलांनाही बजावलं आहे. समिती उठेपर्यंत कोणी हलायचं नाही, काही झालं तरी. शिट्टी झाली तरी."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी."

आई चपला घालायला गेल्या. बायको हळूच म्हणाली, "अहो, आईला असं सांगू नका."

"का? ऐकणार नाहीत?"

"ऐकेल. म्हणून तर म्हणते."

समिती आली. अध्यक्ष मॅडम म्हणजे कडक इस्त्रीचं माणूस. मागून दोन सभासद, मॅडम हसल्या तर हसावं अशा तयारीने आलेले. आणि मॅडम हसत नव्हत्या. प्राचार्यांनी सगळं दाखवलं. ग्रंथालय बघून मॅडम म्हणाल्या, "अच्छा." विभाग बघून म्हणाल्या, "अच्छा." त्यांच्या ह्या एका शब्दावर आतापर्यंत किती कॉलेजं बसली होती कोण जाणे. प्राचार्यांचा हसतमुख चेहरा हळूहळू दुखायला लागला.

मग सगळे व्याख्यानगृहात उतरले. मानाची जागा म्हणून समितीला अगदी खाली, पहिल्या बाकावर बसवलं. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोजच्याप्रमाणे आई. मॅडमनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बाकांवर सगळी विशी-बाविशीची मुलं आणि मध्येच हा पांढरा अंबाडा.

"ह्या कोण?"

सरांनी खडू ह्या हातातून त्या हातात घेतला. "विद्यार्थिनी," ते म्हणाले.

"तुमच्या ओळखीच्या?"

"छे छे. विद्यार्थिनी आहेत. बाकी ओळख नाही."

आईंनी मान वर करून जावयाकडे एकदा पाहिलं, आणि मग हाताची घडी घातली. ओळख नाही असं सकाळी ठरलंच होतं. पण ठरवणं वेगळं आणि भर वर्गात तोंडावर ऐकणं वेगळं. आणि ते "छे छे" तर ठरलेलंच नव्हतं.

सरांनी घसा साफ केला. तपासणीसाठी त्यांनी मुद्दाम आवडीचा विषय काढला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वाळवंट', आणि कोपऱ्यात नकाशासारखा उत्तरेचा बाण काढला.

तिकडे काकांनी पंपघरात जाऊन 'उ'चं चाक सोडलं आणि जिना चढून प्रयोगशाळेत आले. नळ कोरडा. थोडा वेळ वाट पाहिली. नळाने नुसता एक सुस्कारा टाकला. काकांना वाटलं, चाक कमी सुटलं. ते परत खाली गेले, आणखी फिरवलं, परत वर आले. नळ कोरडाच. तेव्हा काकांनी मनाशी म्हटलं, आज कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे. आणि तिसऱ्या खेपेला ते चाकाला अक्षरशः लोंबकळले.

इकडे वाळवंट तापत होतं. "कल्पना करा," सर म्हणत होते, "नजर जाईल तिथे वाळू. पाण्याचा टिपूस नाही."

फळ्यामागच्या, पूर्वी तलावात पाणी सोडायच्या जाळीतून पाण्याचा पहिला ओघ निघाला आणि चौथऱ्याला वळसा घालून मांजराच्या पावलांनी पहिल्या बाकाखाली आला. आईंनी तो पाहिला. त्यांनी हात वर केला.

"प्रश्न शेवटी," सर म्हणाले.

आईंनी हात खाली घेतला आणि पाय वर.

थोड्याच वेळात घोट्याला गार लागलं तसे प्राचार्य चमकले. पण सरांवर त्यांचा विश्वास असा की सर म्हणाले असते तर त्यांनी खिडकीच्या भोकातून बाहेर पडून दाखवलं असतं. सगळी व्यवस्था सरांकडे. तेव्हा हीही व्यवस्थाच. ते मॅडमच्या कानाशी वाकून अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे प्रात्यक्षिकावर फार भर असतो."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा बूट भिजला होता. पण त्यांनी पाय हलवला नाही. त्या मान वळवून मागची बाकं न्याहाळत होत्या.

आणि मुलं? त्यांना बजावलेलं होतं. खोल बाजूची मुलं पोटरीपर्यंत पाण्यात ताठ बसली होती, नजर फळ्यावर. एकाची चप्पल तरंगत निघाली ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वर्षाच्या बाकांकडे गेली. त्याने तिला नुसता डोळ्यांनी निरोप दिला. उथळ बाजूची मुलं अजून कोरडी होती. पुढचे बुडताहेत आणि आपण कोरडे, हे शोभेना, म्हणून त्यातली दोघं-तिघं हळूच एकेक बाक पुढे सरकली. सबंध तीन वर्षांत ती मुलं पहिल्यांदाच खोल पाण्याकडे आली होती.

सर मात्र चौथऱ्यावर. चौथरा चांगला गुडघ्याएवढा उंच, आणि वाळवंटात शिरलेला माणूस पायाखाली बघत नाही.

शेवटी मॅडमच बोलल्या. "सर, एक विचारू? ह्या तुमच्या वाळवंटात पाणी कुठून आलं?"

सरांचा चेहरा उजळला. असा मार्मिक प्रश्न विचारणारी समिती त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. "फारच छान प्रश्न! वाळवंटातही पाणी असतं, मॅडम. ते खाली दडलेलं असतं. आणि मग कुठेतरी फट मिळाली, की माणसाच्या ध्यानीमनी नसताना ते हळूच वर येतं."

"आणि मग?"

"मग काय, आनंदीआनंद. तहानलेले जीव भोवती गोळा होतात. झाडं वाढतात."

"आणि ते पाणी परत कधी जातं?"

"तसं ते जात नाही," सर म्हणाले. "तळ पक्का असला तर मुळीच जात नाही."

हे वाक्य मात्र शब्दशः खरं होतं. तळ पक्का कोणी केला होता ते आठवत असेलच.

तेवढ्यात काका उथळ बाजूच्या दारात येऊन उभे राहिले. प्रयोगशाळेत पाणी येत नाही हे सांगायला ते आले होते, पण समोरचं दृश्य बघून ते सांगायचंच विसरले. तलावात पाणी होतं. पाण्यात माणसं होती. इतक्या वर्षांनी! काकांचा शिपाई तिथल्या तिथे गळून पडला आणि आतला जुना माणूस उभा राहिला. त्यांनी छाती भरून लांबलचक शिट्टी फुंकली आणि ओरडले, "चला, बाहेर या सगळे! कपड्यांनिशी उतरायला कोणी सांगितलं?"

एकही विद्यार्थी हलला नाही. शिट्टी झाली तरी हलायचं नाही, असंच ठरलं होतं.

सरांनी मात्र शिट्टीच्या दिशेने पाहिलं. मग काकांचं बोट होतं तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. चौथऱ्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं आणि त्याच्या काठावर येऊन डुचमळत होतं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. सरांनी जगातले सगळे महासागर फळ्यावर काढले होते. पण प्रत्यक्षात, बादलीपेक्षा मोठ्या पाण्यात त्यांनी जन्मात कधी आपणहून पाय घातला नव्हता. लहानपणी एकदा घसरून पाण्यात पडले होते, तेव्हापासून साधं डबकं दिसलं तरी ते वाट बदलत. कोरडा तलाव होता म्हणून तर इथे नोकरी टिकली होती.

त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं, पण तो शब्द नव्हता. हातातला खडू पाण्यात गेला. मागच्या लोखंडी शिडीला धरून सर सरसर वर चढले, शिडी संपली तेव्हा थांबले, आणि शुद्धीवर आले तेव्हा उडी मारायच्या फळीच्या टोकाला मिठी मारून पालथे पडले होते. फळी त्यांच्यासकट वरखाली हलत होती. खाली त्यांचं संपूर्ण वाळवंट निळंशार दिसत होतं.

"चाक बंद करा!" सर वरून ओरडले. "उत्तरेचं चाक!"

"कुठली उत्तर, सर?" काकांनी खालून विचारलं. "पंपघरात हात केला होता ती, का इथे फळ्यावर काढली आहे ती?"

"काका, खडूच्या 'उ'ची! खडूच्या 'उ'ची!"

काका पळाले, काठावरून धावायचं नाही हा स्वतःचाच नियम मोडून पळाले. पण जाण्याआधी सवयीने भिंतीवर बुडणाऱ्यांसाठी टांगलेलं तरंगतं कडं ओढून त्यांनी फळीच्या दिशेने फेकलं. ते सरांच्या मानेत बरोबर बसलं. फळी आणखी हलली, आणि सरांच्या तोंडून जी हाक निघाली ती विद्यापीठाच्या समितीने, प्राचार्यांनी आणि सबंध कॉलेजने ऐकली.

"आई! अहो आई, बघताय काय? मला उतरवा!"

एवढ्या मोठ्या सभागृहात नुसतं पाणी वाजत होतं.

मॅडम सावकाश बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. "आई?"

"जावई आहेत माझे," आई म्हणाल्या. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"अच्छा. म्हणजे घरचीच माणसं."

तो 'अच्छा' पडला आणि प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. तीन वर्षं डोळ्यांसमोर तरंगत चालली होती, चपलेसारखी. आईंचा चेहरा पांढरा पडला. त्या पाण्यात उतरून उभ्या राहिल्या.

"जावयाने नाही आणलं मला," त्या म्हणाल्या. "त्यांचा डबा आणला मी. आणि रांगेत उभी राहिले. त्यांना संध्याकाळी कळलं, घरी."

"तसं सगळेच सांगतात. आजचा धडाही पाठ करून घेतला असेल." मॅडमचा आवाज वाढला नाही. "पहिल्या वर्षी, पहिल्या महिन्यात काय शिकलात? आठवतं?"

आईंनी क्षणभर डोळे मिटले. कित्येक दिवसांत न फुटलेला आवाज आधी नुसता खरखरला. मग लागला.

"वर पडे तो पाऊस, सर्वांना दिसे;
आत मुरे तो पाऊस, दगडांत वसे.
वाळूतून झिरपे, खडकाशी थांबे,
विहिरीच्या वाटेने भेटाया लांबे."

भिंतींनी ओळ उचलली. खाली पाणी होतं म्हणून की काय, आवाज कधी नव्हे इतका गोड घुमला. आणि धृपदाची जागा आली तशी कोणी न सांगता पाच फुटांवरून एक मुलगा म्हणाला, त्याला सात फुटांवरच्या मुलीने साथ दिली, आणि मग अगदी उथळ टोकापर्यंत सगळं सभागृह गायला लागलं.

"पाणी कुठे? पाणी खोल.
खोल जाई, त्याला मोल."

मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एकदम मागच्या, डुलक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलाकडे बोट केलं. "तू. पुढचं कडवं." तो गडबडला, डोकं खाजवलं, आणि भसाड्या आवाजात मातीच्या थरांचं अख्खं कडवं म्हणाला. सूर चुकला, थर नाही चुकले. परत धृपद आलं तेव्हा दोन्ही सभासदांचे ओठ हलत होते, प्राचार्य तर टाळ्या वाजवत होते, आणि मॅडमच्या भिजलेल्या बुटाचं टोक पाण्याखाली ताल धरत होतं. ते फक्त आईंना दिसलं. त्यांनी आणखी एक कडवं घेतलं.

गाणं संपलं तेव्हा पाणी यायचं थांबलं होतं. काकांना खडूचा 'उ' सापडला होता.

मॅडम उठल्या. समिती उठली, म्हणून मुलं उठली.

"प्राचार्य," मॅडम म्हणाल्या, "माझा बूट भिजला तेव्हाच मला कळलं होतं की हे प्रात्यक्षिक नाही. मी बघत बसले होते, आधी कोण उठतं. भाड्याने आणलेलं माणूस गुडघाभर पाण्यात बसत नाही. पहिल्या थेंबाला पळतं. तुमचा एकही विद्यार्थी जागचा हलला नाही. मान्यता मिळेल. परीक्षा होईल."

पोरांनी जो गलका केला तो गावाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेला असेल.

"शंका एकाच माणसाबद्दल आहे," मॅडम पुढे म्हणाल्या आणि वर पाहिलं. फळीच्या टोकाला, गळ्यात कडं घातलेले भूगोलाचे सर अजून पालथे होते. "पाणी बघून पळालं असं इथे एवढंच माणूस दिसलं. हे खरंच तुमच्याकडे शिकवतात, का आजच्यापुरते आणलेत?"

मॅडम आईंकडे वळल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. "बाई, तुम्ही सांगा. ह्यांना ओळखता का तुम्ही?"

आईंनी मान वर केली. जावयाकडे चांगलं निरखून पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तसं.

"छे छे," त्या म्हणाल्या. "सर आहेत. बाकी ओळख नाही."

मग पाणी तुडवत शिडीपाशी गेल्या आणि तिचा खालचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"उतरा, जावईबापू. पाठ माझ्याकडे करा, तोंड शिडीकडे," त्या म्हणाल्या. "आणि उत्तर दक्षिण शोधत बसू नका. नुसतं खाली या."